प्राचार्यांच्या दारातला पाच पाकळ्यांचा गुलाब

“देवरे सर, वनस्पतिशास्त्र तुमचं. हा गुलाब आहे की नाही, एवढं मला लेखी द्या.”

प्राचार्य हे म्हणाले तेव्हा आम्ही चौघं त्यांच्या ऑफिससमोरच्या एका झुडपाभोवती उभे होतो. एक स्वतः प्राचार्य. दुसऱ्या मंदाताई, ज्यांच्या मखमलाबादच्या नर्सरीतून ते झुडूप आलं होतं. तिसरा नामदेव, कॉलेजचा माळी. आणि चौथा मी, वनस्पतिशास्त्राचा विभागप्रमुख. झुडपाचा घात ज्याने केला तो या चौघांतच होता, आणि चौकशीचं काम नेमकं त्याच्याकडेच आलं होतं.

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. निवृत्तीच्या समारंभात सहकारी म्हणाले, सर, नोकरीतला एखादा मजेशीर अनुभव सांगा. मी सहलीत वाट चुकल्याचा किस्सा सांगितला. त्यात विशेष मजा नव्हती. लोक सभ्यपणे हसले. खरा मजेशीर अनुभव हाच होता, पण त्यात आरोपी मी होतो.

आता थोडं मागे जातो, कारण गुन्ह्याचं कारण अभ्यासक्रमात आहे.

आमच्या विषयाच्या प्रॅक्टिकल परीक्षेत एक ठरलेला प्रश्न असतो. विद्यार्थ्यापुढे एक फूल ठेवतात. त्याने ते ब्लेडने कापायचं, भाग मोजायचे, आकृती काढायची आणि हे फूल कोणत्या कुळातलं, ते कारणांसह लिहायचं. कुळ म्हणजे वनस्पतींचं घराणं. एखाद्या घरातल्या सगळ्यांचं नाक सारखं असावं, तसं एका कुळातल्या फुलांचं काहीतरी सारखं असतं.

गुलाबाचं कुळ, म्हणजे रोझेसी, हे मला शिकवायला फार आवडायचं. गुलाब, सफरचंद, नाशपाती, बदाम, पीच, स्ट्रॉबेरी ही सगळी त्यातली सख्खी-चुलत भावंडं. फळं पाहून कोणाला पटणार नाही. फूल पाहिलं की पटतं. बाहेरची पाच हिरवी निदलं, पाच सुट्या पाकळ्या, मधोमध पुंकेसरांचा गर्दीचा गोंडा, आणि हे सगळं ज्या छोट्या वाटीच्या काठावर बसवलेलं असतं ती वाटी. पूर्वी फळांच्या प्रकारावरून या कुळाची चार पोटकुळं करत. आता डीएनए पाहून तीनच करतात. त्यात सफरचंद आणि बदाम एका पोटकुळात गेले. मी वर्गात सांगायचो, वेगळ्या झालेल्या दोन भावांची चूल कोर्टाने पुन्हा एक केली, असं समजा.

अडचण एवढीच, की ज्या फुलावरून या कुळाला नाव पडलं तेच फूल परीक्षेत दगा देतं. माणसाला भरगच्च गुलाब आवडतो. पिढ्यानुपिढ्या निवड करून माळ्यांनी गुलाबाच्या पुंकेसरांच्या पाकळ्या करून टाकल्या. त्यामुळे पुस्तकात पाकळ्या पाच आणि टेबलावर तीस-चाळीस. पंचवटीतल्या फूलबाजारात जा, जानोरीच्या पॉलिहाऊसमध्ये जा, पाच पाकळ्यांचा गुलाब मिळत नाही. विकलाच जात नाही तर पिकवणार कोण?

एका वर्षी आमच्या एका मुलीने समोरचं फूल नीट मोजलं आणि लिहिलं, “पाकळ्या पुष्कळ.” शेजारच्या मुलाने फुलाकडे न बघता लिहिलं, “पाकळ्या पाच.” एक्स्टर्नलने, म्हणजे दुसऱ्या कॉलेजातून आलेल्या परीक्षकाने, मुलाला पूर्ण मार्क दिले आणि मुलीचे कापले. मी भांडलो.

“अहो, तिने समोरचं फूल बघून लिहिलंय!”

“सिलॅबसमधल्या फुलाला पाच असतात, देवरे.”

“मग हे फूल चुकीचं का?”

“मुलीचं उत्तर चुकीचं. आणि तुम्हाला एवढं वाईट वाटत असेल, तर पुढच्या वर्षी सिलॅबसमधलं फूल आणून ठेवा.”

एवढं बोलून त्यांनी आमच्याच कॅन्टीनचं भजं आमच्याच चटणीत बुडवलं. ते मला फार लागलं.

मी फूल शोधायला लागलो. स्ट्रॉबेरीचं फूल चाललं असतं, सुरगाण्याकडे पिकते ती. पण परीक्षा उन्हाळ्याच्या तोंडावर, तोवर तिथली रोपं दमलेली असतात. शेवटी मी मंदाताईंकडे गेलो.

मंदाताईंची ओळख करून द्यायला हवी. नवरा भाजीपाल्याची शेती बघायचा आणि नर्सरी त्या. आवाज असा, की गिऱ्हाईक गेटवर असतानाच त्याला भाव कळायचा. गुलाबाची कलमं स्वतःच्या हाताने करायच्या आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला तेच ऐकवायच्या, “मंदाचा डोळा मरत नाय. मेला तर झाड घेऊन या, दुसरं न्या.” गंगापूर रोडच्या बंगलेवाल्यांपासून सिन्नरच्या कारखान्यांच्या बागांपर्यंत त्यांचे गुलाब गेले होते ते या एका वाक्यावर. नर्सरीला बोर्डही नव्हता.

डोळा म्हणजे काय, तेही सांगतो. गुलाबाची चांगली जात स्वतःच्या मुळांवर नाजूक असते. म्हणून एक दणकट, जंगली जातीचं रोप घेतात. त्याला खुंट म्हणतात. त्याच्या सालीवर छेद घेतात आणि चांगल्या गुलाबाच्या फांदीवरचा एक कोंब, म्हणजे डोळा, सालीखाली सरकवून वर पट्टी बांधतात. याला डोळा भरणं म्हणतात. डोळा फुटला की खुंटाचा वरचा भाग कापून टाकायचा. पुढे झाड दिसतं एक, पण असतात दोन. सांध्याच्या वर एक, खाली दुसरं.

“पाच पाकळ्यांचा गुलाब?” मंदाताई म्हणाल्या. “तो कोण घेतो, सर? तो खालचा खुंट देतो, जंगली. खालून फूट आली की आम्ही काढून फेकतो. नाय फेकली तर खालचं वरच्याला खातं.”

“एखादी ठेवाल का माझ्यासाठी?”

“माझ्या नर्सरीत? गिऱ्हाइकानं बघितलं तर म्हणंल, मंदाकडं जंगली विकायला ठेवलंय. नाय बाबा. दुसरं काय पण मागा.”

मी परत आलो. आणि त्याच पावसाळ्यात मला ते दिसलं.

प्राचार्यांच्या ऑफिससमोर संस्थेच्या अध्यक्षांनी आदल्या वर्षी स्वतःच्या हाताने एक गुलाब लावला होता. गडद लाल, मखमली, वासाचा. मंदाताईंकडूनच आणलेला. प्राचार्यांचा त्याच्यावर फार जीव. पाहुणे आले की त्यांना आधी गुलाब दाखवायचे, मग कॉलेज. नाशिकचं जुनं नाव गुलशनाबाद होतं, हे वाक्य त्यांच्या प्रत्येक भाषणात असायचंच, आणि ते म्हणताना त्यांचा हात आपोआप त्या झुडपाच्या दिशेने जायचा, भाषण बंद हॉलमध्ये असलं तरी.

त्या गुलाबाच्या बुडाशी, भिंतीच्या बाजूने, सांध्याच्या खालून एक फूट निघाली होती. मी वाकून पाहिलं. पानाच्या देठाशी जी दोन छोटी उपपर्णं असतात, त्यांना झालरीसारख्या दशा होत्या. दशा म्हणजे रोझा मल्टिफ्लोरा. जंगली खुंट. पांढरी फुलं, झुपक्याने येणारी, पाकळ्या पाच. सिलॅबसमधलं फूल माझ्यापासून चहाच्या टपरीइतक्या अंतरावर उगवत होतं.

ही फूट नामदेव दुसऱ्या दिवशी कापणार, हे उघड होतं. ती वाचवायचा एकच उपाय होता. नामदेव हरसूलकडचा. कामाला चोख. पूर्वी एकदा त्याने गवत म्हणून जे खरडून काढलं, तो आमच्या विभागातल्या एका बाईंचा प्रयोग निघाला होता. त्यावरून त्याला मेमो मिळाला. तेव्हापासून वनस्पतिशास्त्र विभागाची पाटी लावलेल्या कशालाही तो हात लावत नसे. पाटी असलेल्या झाडाला पाणीसुद्धा विचारून घालायचा. साऱ्या कॉलेजात त्याच्यासाठी आमची पाटी म्हणजे विजेच्या खांबावरची धोक्याची पाटी होती.

मी पाटी लावली. “रोझा मल्टिफ्लोरा. प्रात्यक्षिकासाठी राखीव. हात लावू नये.” ती बुडाशी, मागच्या बाजूला लावली, म्हणजे नामदेवला दिसेल आणि प्राचार्यांना दिसणार नाही. फांदी सुतळीने भिंतीकडे ओढून बांधली.

नामदेव आला. पाटी पाहिली, मला पाहिलं.

“सर, ही जंगली हाय.”

“माहीत आहे.”

“लय खाईल ही.”

“परीक्षेपर्यंत राहू दे. मग मी स्वतः कापतो.”

“तुम्हीच कापा बरं का. पाटीवालं मी नाय कापणार. मागच्या मेमोचा कागद अजून घरात हाय.”

“मीच कापतो रे.”

फांदी पावसाळाभर वाढली, थंडीत थांबली आणि मार्चच्या सुरुवातीला पांढऱ्या झुपक्यांनी फुलली. समोर लाल गुलाब, मागे पांढरा. प्राचार्य समोरच्या बाजूने यायचे-जायचे. एकदा थांबून म्हणाले, “देवरे, यंदा फुलं जरा लहान वाटतात.” मी म्हणालो, “ऊन वाढलंय, सर.” ते मान हलवून आत गेले. मला गंमत वाटली. खरं सांगायचं तर त्या महिन्यात मला सगळ्याचीच गंमत वाटत होती.

परीक्षेला तेच एक्स्टर्नल आले. मी प्रत्येक टेबलावर एकेक फूल ठेवलं. त्यांनी एक उचललं, भिंग लावलं, पाकळ्या मोजल्या. मग दुसऱ्या टेबलावरचं मोजलं. मग तिसऱ्या.

“हे कुठून आणलं?”

“सिलॅबसमधून,” मी म्हणालो.

त्या दिवशी त्यांनी भजी खाल्ली नाहीत. मुलांनी मात्र मोजून, पाहून, पाच लिहिलं आणि त्यांना मार्क मिळाले. आजही मला त्या परीक्षेचा अभिमान वाटतो, आणि अभिमान वाटतो याची लाज वाटते.

कारण फांदी कापायची मी विसरलो.

विसरण्यासारखं काही नव्हतं. एक कात्री, एक मिनिट. पण त्याच दिवशी मार्कांची यादी, मग पेपर तपासणी, मग सुट्टी लागली आणि मी सटाण्याकडे गावी गेलो. इकडे उन्हाळाभर नामदेव पाटीच्या झाडाला इमानाने पाणी घालत राहिला. खुंटाची मुळं स्वतःच्या फांदीला पोसत राहिली. वरच्या लाल गुलाबाला काही पोचेना. जूनमध्ये मी परतलो तेव्हा झुडूप हिरवंगार होतं. फक्त त्यात अध्यक्षांनी लावलेला गुलाब नव्हता. सांध्याच्या वर काळपट, वाळकी काटकी उरली होती. फूलही नव्हतं एकही, कारण मल्टिफ्लोरा फुलते ती वर्षातून एकदा.

आता फांदी कापली तर खड्ड्यात काटकीच राहणार होती. म्हणून मी फांदी ठेवली आणि पाटी काढून पिशवीत टाकली. सुतळीसुद्धा. या कामाला मात्र मला एक मिनिट मिळालं.

तर असे आम्ही चौघं झुडपाभोवती उभे. प्राचार्यांचा चेहरा पडलेला. पंधरा ऑगस्टला अध्यक्ष झेंडावंदनाला येणार होते, आणि गाडीतून उतरल्यावर आधी गुलाबाकडे जाणार हे ठरलेलं.

“बाई, तुम्ही लाल गुलाब दिला होता,” प्राचार्य म्हणाले. “याला आता वेल म्हणायची का कुंपण?”

मंदाताईंनी बुडाशी बसून नखाने साल खरवडली. “साहेब, हा बघा सांधा. वरची काडी बघा केवढी जाड झालीय. डोळा लागला होता, वाढला होता. खालची फूट कोणीतरी पोसलीय. तिनं खाल्लं.”

“आमच्याकडे फुटी पोसायला वेळ आहे का कोणाला? नामदेव, तू कापत नव्हतास?”

“साहेब, तिथं पाटी व्हती...”

“नामदेव,” मी म्हणालो, “तिकडे पाइप चालू राहिलाय बघ.”

नामदेवने पाइपकडे पाहिलं. पाइप बंद होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. मग तो शांतपणे गेला आणि बंद नळ आणखी घट्ट बंद करून, तिथेच उभा राहिला.

“कसली पाटी?” प्राचार्यांनी विचारलं.

“झाडांच्या नावांच्या पाट्या असतात ना आमच्या, सर. सगळीकडेच.”

हे खोटं नव्हतं. पुढचंही काही खोटं नव्हतं, हाच माझा गुन्हा आहे. प्राचार्यांनी लेखी मागितलं आणि मी लेखी दिलं.

वनस्पतीची ओळख पत्त्यासारखी लिहितात. कुळ म्हणजे जिल्हा. त्याखाली जीनस म्हणजे तालुका. त्याखाली स्पीशीज म्हणजे गाव. बागेतल्या गुलाबाला त्याहीपुढे व्हरायटी असते, ते घर. मी लिहिलं: कुळ रोझेसी, पोटकुळ रोझॉइडी, जीनस रोझा. सबब सदर वनस्पती गुलाब आहे. खाली सही केली, शिक्का मारला. गाव मला माहीत होतं. त्या फांदीच्या गावाचं नाव मी स्वतःच्या अक्षरात पाटीवर लिहिलं होतं. पण गाव लिहिलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, की खुंटाची फांदी एवढी वाढेपर्यंत तज्ज्ञ काय करत होते. म्हणून मी तालुक्याच्या बसस्टँडवरच उतरलो.

आणखी एक गोष्ट होती. त्याच महिन्यात उपप्राचार्य कोणाला करायचं ते ठरणार होतं. दोन नावं होती, त्यातलं एक माझं.

प्राचार्यांनी अहवाल दोनदा वाचला.

“म्हणजे गुलाब आहे, पण आपला नाही.”

“शास्त्र इतकंच सांगतं, सर.”

“म्हणजे बाईंनी लाल सांगून जंगली दिला.”

इथे मी बोलायला हवं होतं. मी चष्मा पुसला.

प्राचार्य मनाने वाईट नव्हते. त्यांना कोणावर तरी रागवायचं होतं आणि अध्यक्षांवर रागावता येत नव्हतं. त्यांनी झुडपाचा फोटो काढला आणि शहरातल्या बागप्रेमींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, की मखमलाबादच्या अमुक नर्सरीतून गुलाब घेताना सावध राहा, तज्ज्ञांचा अहवाल आमच्याकडे आहे. गंगापूर रोड ते इंदिरानगर, निम्मे बंगले त्या ग्रुपवर होते.

दोन-चार दिवसांनी मंदाताई विभागात आल्या. लॅबमध्ये मुलं होती, म्हणून मी त्यांना मागच्या खोलीत बसवलं, जिथे आम्ही वाळवलेल्या फांद्या चिकटवून ठेवतो. त्या बसल्या नाहीत.

“सर, काय लिहिलंत तुम्ही?”

“गुलाब आहे, असं लिहिलंय. तुमच्या विरोधात एक शब्द नाही त्यात.”

“आणि बाजूनं किती हायेत?”

मी टेबलावरचे कागद सारखे केले.

“गुलाब हाय हे शेळीला पण कळतं. मी काय कण्हेर दिली म्हटलं होतं का? मला एवढंच सांगा, डोळा लागला होता का नव्हता?”

“आता सांगणं अवघड आहे, मंदाताई.”

“तुम्हाला अवघड हाय? तुम्हाला?” त्यांनी भोवतालच्या कपाटांकडे पाहिलं. “मग एवढं वाळवून कशाला ठेवलंय?”

आणि गेल्या. रागाने नाही. बसची वेळ झाल्यासारख्या.

पंधरा ऑगस्ट नीट पार पडला. प्राचार्यांनी दुसरीकडून मोठ्या कुंडीतला लाल गुलाब आणून त्याच खड्ड्यात बसवला. अध्यक्षांनी वाकून वास घेतला. म्हणाले, “वास बदलला का हो?”

“पावसामुळे, सर,” प्राचार्य म्हणाले आणि माझ्याकडे वळले. “आहे ना काहीतरी शास्त्रीय कारण?”

“आहे, सर,” मी म्हणालो.

पुढच्या आठवड्यात मी उपप्राचार्य झालो.

नामदेवने कधी तोंड उघडलं नाही. फक्त सकाळी कॅन्टीनपाशी मी दिसलो की म्हणायचा, “सर, पाटी सापडली का हो?” आणि मी चहा सांगायचो. पुढे तो कटिंगवरून फुल चहावर आला, मग फुल चहा आणि वडापाववर. मी निवृत्त झालो तेव्हा माझ्यापेक्षा त्यालाच जास्त वाईट वाटलं असावं.

या प्रकरणातून तरुण प्राध्यापकांनी घ्यायचा धडा साधा आहे. प्रॅक्टिकलसाठी फांदी राखून ठेवलीत, तर पाटीवर ती कधी आणि कोणी कापायची, हेही लिहा. एवढं केलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं. बाकीचा धडा वनस्पतिशास्त्राचा नाही, त्यामुळे तो शिकवायचा मला अधिकार नाही.

मंदाताईंकडे मी पुष्कळदा गेलो. माफी मागायला गेलो आणि दर वेळी काहीतरी विकत घेऊन आलो. त्यांनी गुलाब बंद केले होते. त्या जागी शेडनेट उभं राहिलं आणि भाजीची रोपं सुरू झाली, टोमॅटो, ढोबळी, वांगी. धंदा उत्तम चालतो. दिंडोरीचे, निफाडचे शेतकरी टेम्पो घेऊन येतात. एका अर्थाने त्यांचं भलंच झालं, असं मी स्वतःला बऱ्याचदा सांगून पाहिलं. आमच्या गच्चीत त्यांच्याकडची इतकी वांगी आहेत, की बायको विचारते, तुम्हाला वांगं आवडत नाही, मग हे कशासाठी?

गेल्या महिन्यात गेलो तो ठरवूनच. खिशात पैसे ठेवले नाहीत, फक्त रिक्षापुरते घेतले. रिक्षात वाक्य पाठ करत गेलो. मंदाताई शेडनेटच्या दारात ट्रे लावत होत्या. आता केस पांढरे झालेत, आवाज तोच.

“या सर. आज काय, ढोबळी का वांगं?”

“आज काही घ्यायला नाही आलो.”

“अगं बाई! मग चहा घ्या.”

“मंदाताई, गुलाब आता अजिबात नाही करत?”

“नाय.” त्यांनी एका ट्रेतलं वाकलेलं रोप बोटाने सरळ केलं. “गिऱ्हाईक झाड हातात घ्यायच्या आधी विचारायचं, जंगली तर नाय ना निघणार? पहिल्यांदा मी भांडायचे. मग नुसतं नाय म्हणायचे. मग डोळा भरताना माझ्याच मनात यायचं, लागंल का हा? तसं मनात आलं की हात हलतो, सर. हात हलला की साल फाटते. मग खरंच मरायला लागले माझे डोळे. तवा म्हटलं, पुरे. टोमॅटोचं बरं हाय. त्याला कोणी खानदान विचारत नाय.”

हे त्या तक्रारीच्या सुरात बोलल्या नाहीत. हवापाण्याबद्दल बोलावं तसं बोलल्या. मग हातातला ट्रे खाली ठेवून माझ्याकडे नीट पाहिलं.

“तुम्ही कायतरी सांगायला आलाय.”

“हो.”

“मग सांगा की.”

मी तोंड उघडलं. नोकरीभर वर्गात उभं राहून बोललेला माणूस. समोर एकच श्रोता, आणि तोही ऐकायला तयार.

“सोलॅनेसी,” मी म्हणालो.

“काय?”

“टोमॅटोचं खानदान. सोलॅनेसी. वांगं, मिरची, बटाटा, तंबाखू, धोत्रा, सगळे त्यातलेच.”

“धोत्रा पण?” मंदाताई मनापासून हसल्या. “बरं झालं सांगितलंत. सुनेला सांगते, ती फार भाव खाते टोमॅटोचा.” तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. कोणा शेतकऱ्याचा टेम्पो गेटवर आला होता. त्या त्याच्याशी बोलत बाहेर गेल्या, जाताना वांग्याचा एक ट्रे माझ्या हातात देऊन, पैसे राहू द्या अशी खूण करून.

मी तो ट्रे धरून उभा राहिलो. टेम्पोत रोपं चढत होती, मंदाताई ड्रायव्हरला ओरडत होत्या, आणि मी पाठ केलेलं वाक्य मनात पुन्हा एकदा पहिल्यापासून म्हटलं: मंदाताई, तुमचा डोळा लागला होता; त्याच्याखालची फूट मी राखली, कापायची मी विसरलो, आणि तुम्ही विचारलंत तेव्हा माहीत असून सांगितलं नाही; मला माफ करा.